मुंबईचे शिक्षणमंडळ व १८४७ चा वाद

देवस्थानाच्या महाजनांची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांस सभा बिघडते कशी हे निराळे सांगावयास नको. हिशेबाचे वाचन चालू असता जत्रेतील मानाचा विषय निघतो, त्यातून मागील वर्षीच्या पालखीची गोष्ट निघते, कोणी उठून जातो, कोणी त्यास परत आणावयास जातो, आणि दिवेलागणीच्या सुमारास अध्यक्ष घाईघाईने ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असे सांगून सभा संपवितात. कारकून तसेच लिहून घेतो. दहा वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उपस्थित झाला म्हणजे वही उघडली जाते. वहीत ‘सर्वानुमते’ एवढा एकच शब्द सापडतो. त्या दिवशी विरोध कोणी केला होता, कोणत्या कारणासाठी केला होता आणि त्यास उत्तर काय मिळाले होते, यांपैकी काहीही त्या वहीस ठाऊक नसते.

आपल्या समाजातील पुष्कळ शाळांच्या व्यवस्थापक मंडळींच्या सभाही याच वळणावर चालतात. कारण शाळा चालविणारे आणि देऊळ चालविणारे हात बहुधा एकच असतात. गोंगाट झाला की सभा बेशिस्त झाली असे आपण म्हणतो. आमच्या मते गोंगाट ही बेशिस्तीची लहान बाजू होय. खोटे एकमत लिहून ठेवणे ही तिची मोठी बाजू. गोंगाट त्या संध्याकाळीच विरतो, पण खोटे एकमत वहीत कायमचे राहते आणि पुढच्या पिढीची दिशाभूल करते. हे आमचे म्हणणे केवळ उपदेशाचे वाटू नये म्हणून पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका शिक्षणमंडळाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्या मंडळात मतभेद तीव्र होता व पक्ष उघड पडले होते. तरीही कारभार शिस्तीने चालला, आणि त्या शिस्तीमुळेच तेथील मतभेद आज आपल्यास वाचावयास मिळतो.

मुंबई इलाख्यात शिक्षणाचे काम प्रथम संस्थांच्या द्वारे चालू झाले. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ साली गव्हर्नर झाले. त्यांच्या प्रोत्साहनाने एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी व शालोपयोगी पुस्तकांसाठी एक मंडळी उभी राहिली, आणि तीच पुढे १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. सदाशिव काशीनाथ छत्रे व त्यांच्या मागून बाळशास्त्री जांभेकर हे या सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी होते, एवढे सांगितले तरी तिच्या कामाची जात वाचकांच्या ध्यानात येईल. शाळा काढणे, शिक्षक तयार करणे आणि मराठी व गुजराती भाषांत पुस्तके रचून छापणे हे तिचे मुख्य काम होते.

१८४० साली सरकारने ही व्यवस्था बदलली आणि इलाख्यातील सरकारी शिक्षणाचा सर्व कारभार एका शिक्षणमंडळाकडे, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे, दिला. या मंडळाची घटना लक्षात घेण्याजोगी आहे. एक अध्यक्ष व सहा सभासद मिळून ते सातांचे मंडळ होते. सहांपैकी तीन सभासद सरकारने नेमावयाचे आणि तीन एतद्देशीय सभासद सोसायटीने निवडावयाचे, अशी ती योजना होती. कंपनी सरकारच्या त्या काळात, सरकारी पैशाचा विनियोग ठरविणाऱ्या मंडळात, हिंदी लोकांनी युरोपीय अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून मत द्यावे ही गोष्ट लहान नव्हती.

तिघे हिंदी सभासद कोण होते? पहिले जगन्नाथ शंकरशेट. दैवज्ञ ज्ञातीतील हे मुरबाडकर घराणे मुंबईच्या व्यापारात नावारूपास आलेले होते, आणि नाना शंकरशेट या नावाने पुढे सारी मुंबई त्यांस ओळखू लागली. दुसरे फ्रामजी कावसजी बनाजी, हे पारशी समाजातील वजनदार व्यापारी. तिसरे महंमद इब्राहिम मकबा, हे हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण लिहिणारे कोकणी मुसलमान विद्वान. अध्यक्षपदी १८४३ पासून सर अर्स्किन पेरी होते. ते मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश असून पुढे मुख्य न्यायाधीश झाले. युरोपीय सभासदांत कर्नल जॉर्ज जर्व्हिस हे एक होते. ते पेशाने इंजिनियर. सोसायटीच्या आरंभीच्या दिवसांत त्यांनी येथील शास्त्र्यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली होती. मराठीत शास्त्र सांगता येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ अनुभवाचे होते.

वाद उपस्थित झाला तो शिक्षणाच्या माध्यमावरून. सरकारचा पैसा थोडा आणि काम अफाट. तेव्हा तो पैसा मुख्यतः इंग्रजीतून दिल्या जाणाऱ्या शिक्षणावर खर्च करावा, की मराठी, गुजराती व कानडी शाळांवर करावा? पेरी यांचे मत इंग्रजीच्या बाजूचे होते. देशी भाषा अनेक आहेत, त्यांत उच्च ज्ञानाची पुस्तके नाहीत, आणि थोड्या पैशात सर्वांस शिकविणे अशक्य आहे. म्हणून वरच्या वर्गातील थोड्यांस उत्तम इंग्रजी शिक्षण द्यावे व त्यांच्या द्वारे ज्ञान खाली झिरपू द्यावे, अशी त्यांची विचारसरणी होती. बंगाल इलाख्यात १८३५ साली मेकॉले यांच्या टिपणानंतर हाच प्रवाह बळावला होता, आणि मुंबईनेही त्याच वाटेने जावे असे पुष्कळांस वाटत होते.

फेब्रुवारी १८४७ मध्ये जर्व्हिस यांनी आपले मत लेखी टिपणाच्या रूपाने मंडळापुढे मांडले. सामान्य जनतेचे शिक्षण परक्या भाषेतून होऊ शकत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. त्यानंतर १ मे १८४७ रोजी जगन्नाथ शंकरशेट यांनी आपले टिपण सादर केले. त्यांनी इंग्रजीचा द्वेष केला नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत झटणाऱ्या या गृहस्थांस इंग्रजीची योग्यता इतरांपेक्षा अधिक ठाऊक होती. ज्यांस सवड व सामर्थ्य आहे त्यांनी इंग्रजी अवश्य शिकावी. परंतु उपयुक्त ज्ञान पश्चिम हिंदुस्थानातील लोकांपर्यंत पोहोचवावयाचे असेल तर त्यासाठी त्यांच्या स्वतःच्या भाषाच अधिक समर्थ आहेत, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. फ्रामजी कावसजी व मकबा या दोघांनी त्यास पाठिंबा दिला.

आता मंडळातील बळाबळ पाहा. अध्यक्षांच्या बाजूस दोन युरोपीय सभासद आणि जर्व्हिस यांच्या बाजूस तिघे हिंदी सभासद, अशी विभागणी झाली. सातांच्या मंडळात अध्यक्ष तिघांत होते आणि त्यांच्या विरुद्ध चौघे होते. या चौघांत एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान व एक इंग्रज होता. जातीने, धर्माने किंवा राज्यकर्ते व प्रजा या भेदाने पक्ष पडले नव्हते. ते पडले प्रश्नाच्या विचाराने. कोणत्याही सभेस हे भूषणावह आहे, असे आम्हांस वाटते.

यापुढे जे घडले त्यात सभाशास्त्राचा धडा आहे. पेरी हे मानी न्यायाधीश होते व आपल्या मताचे अत्यंत पक्के होते. आजच्या एखाद्या संस्थेत असा प्रसंग आला असता तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी आपापल्या अनुभवावरून करावी. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला असता. विरोधी सभासदांस घरी बोलावून समजूत घातली गेली असती. किंवा अध्यक्षांच्या मताचाच गोषवारा वहीत उतरला असता. त्या मंडळात तसे झाले नाही. पेरी यांनी आपल्या मताचे सविस्तर टिपण लिहिले, विरोधकांचीही टिपणे दप्तरात राहिली, आणि प्रश्न निर्णयासाठी सरकारकडे गेला. पुढे १९२२ साली भारत सरकारने जुन्या शैक्षणिक कागदपत्रांचे निवडक भाग प्रसिद्ध केले, त्यात या वादातील दोन्ही पक्षांची टिपणे छापली गेली. नाना शंकरशेट मराठीच्या बाजूने उभे राहिले ही गोष्ट आपण नुसती ऐकीव म्हणून सांगत नाही. ती त्यांच्या स्वतःच्या शब्दांत, तारखेसह उपलब्ध आहे.

सरकारचा अभिप्राय १८४८ साली आला. तो मधल्या वाटेचा होता. बहुजनांचे शिक्षण देशी भाषांतून व्हावे आणि उच्च शिक्षणास इंग्रजी असावी, असा त्याचा एकंदर रोख होता. पेरी यांचे समाधान त्याने झाले नाही. ते १८५२ पर्यंत अध्यक्ष राहिले व आपले मत त्यांनी कधीही सोडले नाही. परंतु मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांची भाषा मराठी, गुजराती व कानडीच राहिली. १८५४ साली विलायतेहून आलेल्या सर चार्ल्स वुड यांच्या खलित्यातही हेच धोरण सर्व हिंदुस्थानासाठी सांगितले गेले, आणि त्यास अनुसरून १८५५ मध्ये हे मंडळ जाऊन त्याच्या जागी सरकारी शिक्षणखाते आले.

हा निकाल एकट्या त्या टिपणांनी लागला असे आम्ही म्हणत नाही. एल्फिन्स्टन यांच्या काळापासून चालत आलेली मराठी शाळांची परंपरा, मोल्सवर्थ यांचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश, दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे व्याकरण आणि सोसायटीने छापलेली पुस्तके, हे सर्व त्या बाजूस होतेच. पण परंपरा स्वतः सभेत बोलत नाही. तिच्या वतीने कोणी तरी उठून बोलावे लागते, आणि बोललेले लिहून ठेवावे लागते. १८४७ मध्ये ते झाले.

आणखी एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. वादानंतर कोणीही रुसून मंडळ सोडले नाही. शंकरशेट व पेरी पुढेही कित्येक वर्षे एकाच मेजाभोवती बसून शाळांचा कारभार पाहात राहिले. पेरी मुंबई सोडून गेले तेव्हा नागरिकांनी निधी जमवून त्यांच्या नावाने कायद्याचे अध्यापकपद स्थापन केले. १८५५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या लॉ कॉलेजचा उगम त्यात आहे. शंकरशेटांच्या मरणोत्तर त्यांच्या नावाने संस्कृतची शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि मॅट्रिकच्या परीक्षेत ती मिळविणे हा मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या अभिमानाचा विषय होता. ज्या दोघांची मते एकमेकांविरुद्ध नोंदली गेली, त्या दोघांचीही स्मृती एकाच नगरीने राखली. मतभेद नोंदविल्याने संस्था फुटते, हा आपला समज किती पोकळ आहे हे यावरून दिसेल.

तथापि या मंडळाचे गुणगान करीत असता त्याची उणीव झाकणे योग्य होणार नाही. त्या सातांत शेतकऱ्याचा प्रतिनिधी नव्हता, कारागिराचा नव्हता आणि स्त्री तर नव्हतीच. ज्यांच्या मुलांच्या शिक्षणावरून वाद चालला होता, त्यांपैकी बहुतेकांस त्या मेजाजवळ जागा नव्हती. ती वाण १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिराव फुले यांनी लेखी निवेदनात बोलून दाखविली. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो, पण शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांकडे वळतो आणि प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, असे त्यांनी सांगितले. खाली झिरपण्याच्या कल्पनेस यापेक्षा सडेतोड उत्तर दुसरे मिळाले नाही. तेही आज वाचावयास मिळते याचे कारण एवढेच की, ते लिहून दिले गेले व जपले गेले.

आमच्या या द्विभाषी नियतकालिकाच्या वाचकांस आणखीही एक उणीव जाणवेल. मंडळाच्या शाळांच्या भाषा म्हणजे मराठी, गुजराती व कानडी. कोकणीचे नाव त्या वादात पुढे आले नाही. पेरी यांनी १८५३ साली हिंदुस्थानातील मुख्य भाषांच्या भौगोलिक विस्तारावर निबंध प्रसिद्ध केला. परंतु अभ्यासकाने भाषेचा शोध घेणे वेगळे आणि सभेत त्या भाषेच्या मुलांची बाजू कोणी मांडणे वेगळे. गोमंतकात कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १८५८ मध्ये कोकणी भाषेच्या इतिहासावर निबंध लिहून तिची बाजू घेतली. माध्यमाचा प्रश्न पुढेही गोव्याची पाठ सोडीना. १९९० साली मातृभाषेतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांसच अनुदान देण्याचे धोरण आले, आणि २०११ साली ते अनुदान इंग्रजी माध्यमाच्या शाळांसही देण्याचे ठरल्यावर मोठे आंदोलन झाले. त्यात कोणाची बाजू योग्य हा येथे विषय नाही. १८४७ चा प्रश्न अद्याप शिळा झालेला नाही, आणि तो ज्या मंडळींत चर्चिला जातो तेथे शिस्तीची गरज तेव्हापेक्षा कमी नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

शाळांचा कारभार पुढे मुंबईहून हळूहळू खाली आला. १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलावर रुपयास एक आणा पट्टी बसली व तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाऊ लागला. १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा कायदा झाला, १९२३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा होऊन स्थानिक संस्थांची स्कूल बोर्डे आली, आणि १९४७ च्या कायद्याने जिल्हा व नगरपालिका स्कूल बोर्डांस नवे रूप मिळाले. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदांनी जिल्ह्याचे हे काम हाती घेतले. आता २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे तो कायदा सांगतो. १८४० च्या मेजाजवळ ज्यांस जागा नव्हती त्यांस आज जागा मिळाली आहे. मिळालेल्या जागेवर बसून बोलता येते की नाही, हे मात्र कायदा ठरवीत नाही. ते सभेची रीत ठरविते.

ती रीत आपणांस परकी आहे असेही नाही. गोव्याच्या गावकरीत कुलकर्णी बसून निर्णय लिहून घेत असे. आपल्या देवस्थानांच्या महाजनमंडळींस १८८६ पासून व पुन्हा १९३३ पासून लेखी नियमांची सवय आहे. वही आपल्याजवळ आहेच. तिच्यात काय लिहावे, एवढाच प्रश्न आहे.

१८४७ च्या हकीकतीवरून आम्हांस चार गोष्टी सुचतात. सभेपुढील प्रश्न एका वाक्यात मांडता यावा. तसा तो मांडता येत नसेल तर तो अद्याप सभेपुढे आणण्यास पक्व झालेला नाही. ज्या प्रश्नावर मने तापण्याचा संभव आहे त्यावर सभासदांनी आपली मते आधी लिहून द्यावीत, म्हणजे मोठा आवाज व मोठे घराणे यांचा प्रभाव आपोआप कमी होतो. अध्यक्षाने स्वतःचे मत खुशाल असावे व ते मांडावेही, पण विरोधी मत दप्तरात गेले की नाही हे पाहणे हे त्याचे पहिले कर्तव्य समजावे. आणि ज्याचे मत पडले त्याने पुढच्या सभेस यावे.

शाळेच्या समितीत एखादी माता भीत भीत उठून म्हणते की, मुलीस दुपारच्या पाळीतून घरी यावयास अंधार पडतो. सभा घाईत असते, विषय इमारतीच्या रंगाचा चाललेला असतो, आणि ‘पुढे पाहू’ एवढे म्हणून तिला बसविले जाते. तिचे म्हणणे त्या दिवशी मान्य होईल किंवा होणार नाही. पण निदान एका ओळीत ते वहीत उतरावे, आणि पुढच्या सभेत मागील वृत्तान्त वाचताना मोठ्याने वाचले जावे. पुढच्या महिन्यात दुसरी माता तेच सांगावयास उठली, तर सभेस ते नवीन वाटणार नाही.